नावे अनेक, झाड एकच

हिमाचल प्रदेशातील रोपवाटिकांत रॉयल डेलिशस, रेड चीफ, ओरेगॉन स्पर, सुपर चीफ अशी नावे वाचली की सफरचंदांत केवढी विविधता आहे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ही सारी अमेरिकेतील आयोवा राज्यात एकोणिसाव्या शतकात सापडलेल्या डेलिशसच्या एकाच झाडाची कलमी संतती आहे. फांदीवर आपोआप घडलेल्या उत्परिवर्तनांमुळे, म्हणजे डीएनएतील बदलांमुळे, कुणाचा रंग गडद झाला, तर कुणाचे झाड ठेंगणे राहिले.

हे नाते उघड करणाऱ्या डीएनए-खुणांपैकी मायक्रोसॅटेलाइट मला सर्वांत सुबक वाटतात. डीएनएत काही जागी 'जीए-जीए-जीए' अशी अक्षरजोडी ओळीने पुन्हा पुन्हा येते. पेशी डीएनएची नक्कल करताना नेमकी येथेच घसरते, त्यामुळे एका वाणात ही जोडी पंधरा वेळा, तर दुसऱ्यात बावीस वेळा आढळू शकते. दोन्ही बाजूंचा क्रम मात्र बहुधा तोच राहतो. त्याला चिकटणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, वापरून पीसीआर या प्रयोगशाळेतील तंत्राने त्या भागाच्या असंख्य प्रती काढतात आणि केशनलिकेतून विद्युतप्रवाहाने ओढून त्यांची लांबी मोजतात. दोन अक्षरांचा फरकही ओळखू येतो. सफरचंदात गुणसूत्रांच्या 17 जोड्या असल्याने प्रत्येक जागी एक लांबी मातेकडून व एक पित्याकडून येते, आणि बहुतेक वाण स्वतःच्या परागाने फळत नसल्यामुळे या दोन लांब्या पुष्कळदा वेगळ्या असतात. जोनागोल्डसारख्या त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या, वाणात तर तीन लांब्याही दिसतात. एका जागेवरील साम्य योगायोग असू शकते, म्हणून अशा अनेक जागा तपासतात.

मिनेसोटा विद्यापीठाने 1991 मध्ये प्रसारित केलेल्या हनीक्रिस्प या वाणाचे पालक नोंदवहीनुसार मॅकून व हनीगोल्ड होते. अपत्याच्या दोन लांब्यांपैकी एक प्रत्येक पालकात सापडायलाच हवी. येथे दोघांशीही मेळ बसला नाही, आणि कीपसेक हा खऱ्या पालकांपैकी एक निघाला.

तरीही 'डीएनए-प्रमाणित रोप' अशा जाहिरातीने भुलू नये. अशी चाचणी फार तर वाणाची ओळख पटवते, रोगमुक्तीची किंवा उत्पादनाची हमी देत नाही. रेड चीफ आणि ओरेगॉन स्पर यांच्यातला फरकही या मोजक्या खुणांत सहसा दिसत नाही, कारण रंग वा उंची बदलणारे उत्परिवर्तन जीनोममध्ये, म्हणजे झाडाच्या संपूर्ण डीएनएत, भलतीकडेच घडलेले असते.

याची किंमत बागायतदार मोजतो. डेलिशसचे कूळ स्कॅब या बुरशीजन्य रोगाला बळी पडणारे आहे, त्यामुळे बागेत पाच नावे लावली तरी बुरशीसमोर उभे असते ते एकच झाड. पैदासकारांना स्कॅबप्रतिकारक जनुक मिळाले ते मॅलस फ्लोरिबंडा या शोभेच्या, बारीक फळांच्या दूरच्या नातलगाकडून.