लहान बाजू वाढवायची की मोठी कमी करायची?

१८९५ साली जर्मनीतल्या हायडलबर्गमध्ये व्हिन्सेंझ चेर्नी या सर्जनकडे एक गायिका आली. तिच्या एका स्तनातला आजारी भाग काढावा लागणार होता. रंगमंचावर उभी राहणारी बाई, त्यामुळे दोन बाजूंतला फरक लपणार नव्हता. तिच्या कमरेजवळ चरबीची निरुपद्रवी गाठ होती, साधारण मुठीएवढी. चेर्नींनी ती काढून स्तनातल्या रिकाम्या जागेत बसवली. स्तनाचा आकार भरून काढण्याची ही पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया मानली जाते. आज जिला सरसकट 'हौस' म्हणून नाक मुरडतात, तिची सुरुवात ही अशी झाली.

दोन स्तनांच्या आकारात थोडाफार फरक बहुतेक स्त्रियांमध्ये असतोच. मुलगी वयात येताना अनेकदा आधी एकाच बाजूला, स्तनाग्राखाली, छोटीशी दुखरी गाठ लागते आणि दुसरी काही महिन्यांनी येते. घरचे घाबरतात, पण तो वाढू लागलेला स्तनच असतो. 'गाठ आहे, काढून टाका' अशी घाई केली, तर त्या बाजूची वाढ कायमची खुंटू शकते. वाढत्या वयातला फरक बराचसा आपोआप भरून निघतो, म्हणून सर्जन सहसा वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगतात. तोवर मोठ्या बाजूच्या मापाची ब्रा आणि लहान बाजूला पॅड, एवढ्यावर निभावतं. पुष्कळजणी पुढेही तेवढ्यावरच समाधानी राहतात आणि त्यात काही चूक नाही.

ठळक फरकामागे कधी वेगळं कारण निघतं. पोलंड सिंड्रोममध्ये एका बाजूचा छातीचा मोठा स्नायूच पूर्ण तयार झालेला नसतो. पाठीचा कणा वाकडा असेल तर एकीकडच्या बरगड्या पुढे येतात. कणा वाकडा असताना अनेकदा स्तन जवळजवळ सारखेच असतात, ते ज्यावर टेकलेत तो पाया तिरका असतो. मोठ्या वयात मात्र एक बाजू नव्याने बदलली, घट्ट झाली, आत ओढली गेली, तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी.

शस्त्रक्रिया करायचीच, तर लहान बाजूत भर घालता येते, मोठी बाजू कमी करता येते, ओघळलेली बाजू उचलता येते, किंवा दोन्हीकडे थोडं थोडं काम करता येतं. पहिला पर्याय ऐकायला सोपा वाटतो: एका बाजूला सिलिकॉनचं इम्प्लांट, म्हणजे स्तनात बसवायची भरलेली पिशवी, बसवलं की झालं. पण स्तन ही जिवंत गोष्ट आहे. वजन वाढलं की तो वाढतो, बाळंतपणानंतर बदलतो, वयाबरोबर उतरतो. इम्प्लांट यातलं काहीच करत नाही. ऑपरेशननंतर सारख्या दिसणाऱ्या दोन बाजू काही वर्षांनी पुन्हा वेगवेगळ्या दिसू शकतात. शिवाय इम्प्लांट आयुष्यभर टिकेलच असं नसतं. त्याभोवती शरीर जे वेष्टण तयार करतं ते कधी आवळतं, इम्प्लांट कधी फाटतं, आणि फाटल्याचं बाहेरून कळतही नाही. म्हणून अमेरिकेचं औषध प्रशासन सिलिकॉन इम्प्लांटसाठी पाच-सहा वर्षांनी पहिली आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी सुचवतं.

मोठी बाजू कमी केली तर दोन्हीकडे आपलंच ऊतक राहतं आणि दोन्ही बाजू बऱ्याच अंशी बरोबरीने म्हाताऱ्या होतात. माझा कल इकडे आहे. किंमत व्रणांच्या रूपात द्यावी लागते: स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली उभा, आणि गरज पडल्यास तळाशी आडवा. ते फिके पडायला वर्ष-दीड वर्ष जातं. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे अंगावर पाजणं अवघड जाऊ शकतं. मूल व्हायचं असेल तर हे आधीच बोलून घ्यावं. सिगारेट ओढणाऱ्यांना काही आठवडे आधीपासून पूर्ण बंदी असते, कारण निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि स्तनाग्राचा रक्तपुरवठाच धोक्यात येतो.

फरक मध्यम असेल तर पोटाची किंवा मांडीची चरबी लायपोसक्शनने काढून लहान बाजूत भरतात. म्हणजे चेर्नींचीच कल्पना, फक्त सुईतून. भरलेल्या चरबीतली काही शरीर शोषून घेतं, त्यामुळे कधी दुसरी, तिसरी खेपही करावी लागते. आणि वजन उतरलं की ही चरबीही उतरते.

मोजमाप कसं होतं तेही पाहण्यासारखं आहे. ऑपरेशनच्या आधी सर्जन हातात मार्कर घेऊन रुग्णाला सरळ उभं करतो. गळ्याखालच्या खाचेपासून दोन्ही स्तनाग्रांपर्यंत टेप लावतो आणि त्वचेवर रेघा आखतो. आडवं झाल्यावर स्तन बगलेकडे कलंडतात, तेव्हा आखलेल्या रेघा उपयोगाच्या नसतात. पुढे भूल दिलेली असताना, टाके पक्के करण्याआधी, टेबलाचा डोक्याकडचा भाग उचलून रुग्णाला जवळजवळ बसतं करतात. सर्जन पायथ्याशी जाऊन उभा राहतो, दोन्ही बाजू डोळ्यांनी ताडून पाहतो, आणि बरेचदा पुन्हा जवळ येऊन एका बाजूचं थोडं ऊतक आणखी काढतो.