शॉवरचा जोर नळीत जिरतो

सोसायटीच्या सभेत वरच्या मजल्यावरच्यांची तक्रार ठरलेली असते: शॉवरला धारच नाही. त्यावर कोणीतरी हमखास सुचवतं, गच्चीवरची टाकी मोठी करा. टाकी २,००० लिटरची असो की २०,००० ची, खाली दाब तेवढाच. तो पाण्याच्या पातळीच्या उंचीवर ठरतो, साठ्यावर नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलने हे सतराव्या शतकात सांगून ठेवलंय, पण सभेला तो हजर नसतो.

१० मीटर उंचीला साधारण १ बार दाब. मजला ३ मीटरचा धरला तर दर मजल्यामागे ०.३ बार. सातमजली बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्याला दीड बारच्या वर फुकटात मिळतो. सातव्यावर टाकी आणि शॉवर यांत जेमतेम अडीच मीटरचं अंतर, म्हणजे पाव बार. तिथे पॉवर शॉवर, म्हणजे जोरदार धारेचा शॉवर, हवा तर पंप आलाच.

पण पंपाच्या आधी नळी बघा. नळ बंद असताना लाइनमध्ये पूर्ण दाब असतो. नळ उघडला की नळीच्या भिंतीला चिकटलेला पाण्याचा थर जागचा हलत नाही, मधलं पाणी पळतं, आणि या ओढाताणीत भोवरे उठून दाब खर्ची पडतो. प्रवाह दुप्पट केला की हा खर्च जवळपास चौपट होतो. आणि व्यास? तोच प्रवाह ठेवला तर घट जवळजवळ व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. आतून अर्धा इंच असलेल्या गुळगुळीत नळीतून मिनिटाला १२ लिटर पाणी नेलं, तर १० मीटर लांबीत सुमारे अडीच मीटर उंचीचा दाब संपतो. सातव्या मजल्याची अख्खी कमाई तेवढीच होती! तीच नळी पाऊण इंची केली की घट सातेक पटींनी कमी होते, फूट-सव्वा फुटावर येते. एल्बोंचा, म्हणजे नळीच्या वळणांवरच्या जोडांचा, हिशेब वेगळा. प्रत्येक एल्बो म्हणजे नळीची लांबी आणखी थोडी वाढवल्यासारखंच. टाकी नैऋत्येलाच हवी म्हणून लाइन गच्चीभर फिरवून आणणाऱ्यांना वास्तूचा लाभ काय होतो ते तेच जाणोत, दाबाची घट मात्र मोजून दाखवता येते.

अर्ध्या इंची लाइनवर पंप चढवला तर पंपाकडे पाणी येतं त्या बाजूची घट पाव बारापेक्षा जास्त होते. दाब हवेच्या दाबाखाली जातो, सांध्यांतून हवा आत येते, पंप खडखडतो. लाइन सामायिक असेल तर शेजाऱ्याच्या नळातूनही हवा ओढली जाते आणि भांडण सुरू होतं. पालिकेच्या लाइनला थेट पंप लावणं तर बेकायदाच. शिवाय लाइन कुठे फुटकी असेल तर बाहेरचं घाण पाणी आत खेचलं जातं.

म्हणून घरातल्या माळ्यावर छोटी टाकी, ती बॉल कॉकने (टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या नळाने) भरायची, आणि तिच्यापासून पंपापर्यंत एक इंची लाइन. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, माळा तेवढं पेलेल का ते आधी पाहावं. पंप टाकीच्या पातळीखाली, बाथरूमबाहेर कोरड्या जागी, अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घालून. एक खोच इथेच आहे. फ्लो स्विचचा पंप थोडं पाणी आपोआप, पंपाशिवाय, वाहू लागल्यावरच चालू होतो. माळ्यावरच्या टाकीचा तळ आणि शॉवर एकाच उंचीवर असले, तर टाकी उतरत आली की पाणी वाहतच नाही आणि पंप मुका बसतो. तिथे प्रेशर स्विचचा, म्हणजे लाइनमधला दाब घटला की चालू होणारा, पंप घ्यायचा.

गिझरकडे जाणारा फाटा पंपाच्या पुढे काढावा, म्हणजे गार आणि गरम दोन्हींना सारखा दाब मिळतो. फक्त गारच्या लाइनवर पंप बसवला तर मिक्सरमधून गार पाणी उलटं गिझरकडे ढकललं जातं. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लागतोच. गिझर किती बार दाब सोसतो ते त्याच्यावर लिहिलेलं असतं, तेही बघून घ्या.

पॉवर शॉवर मिनिटाला १२ लिटर मागतो. ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर २५ अंशांचं पाणी ४० ला नेताना मिनिटाला तीनेक लिटरच पुरवतो. १५ लिटरचा, ६० अंशांवर तापलेला गिझर गार पाणी मिसळून जेमतेम ३५ लिटर देतो, म्हणजे तीन मिनिटांची आंघोळ. मोठा गिझर बसवायचा, तर त्याच्या जागेचं माप फॉल्स सीलिंग बंद करण्याआधीच घ्यायला हवं.