नाताळ : देहधारणाचा सण

नाताळ : येशू ख्रिस्ताच्या जन्माचा ख्रिस्ती सण. बहुतेक चर्च तो २५ डिसेंबरला साजरा करतात. हे नाव ‘जन्म’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून मराठीत आले. ‘ख्रिस्तजयंती’ असेही म्हणतात. पण जयंती म्हटले की एखाद्या थोर पुरुषाचा जन्मदिवस डोळ्यांपुढे येतो, आणि तेवढ्याने या सणाचे मर्म हाती लागत नाही. ते मर्म आहे देहधारण. ज्याने विश्व निर्माण केले तो देव स्वतः माणूस झाला, ही ख्रिस्ती श्रद्धा.

योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधील चार ग्रंथांपैकी एकात, हे एका ओळीत येते : ‘शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली’ (१:१४). इथे ‘शब्द’ म्हणजे येशू. ‘वस्ती केली’साठी असलेल्या मूळ ग्रीक क्रियापदात तंबू ठोकण्याचा भाव आहे. रानातून चाललेल्या इस्राएल लोकांबरोबर देवाचा मंडपही मुक्कामागून मुक्काम करीत असे, त्याची ही आठवण. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय तोच अर्थ ‘इम्मानुएल’, म्हणजे ‘आमच्याबरोबर देव’, या नावाने सांगतो.

मराठी वाचकाला इथे अवतारकल्पना आठवणे साहजिक आहे. जेझुइट या कॅथलिक संघाचे इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त ही कथा ओवीबद्ध केली, तेव्हा स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायला ते कचरले नाहीत. तरी फरक मोठा आहे. ख्रिस्ती मतानुसार देहधारण एकदाच झाले आणि त्यातला देह शेवटपर्यंत खरा होता : त्याला भूक लागली, थकवा आला, मरणही आले. येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, हे सूत्र कॅल्सिडन येथे ४५१ मध्ये भरलेल्या धर्माध्यक्षांच्या परिषदेने ठरवले.

शुभवर्तमानकार लूक जन्मकथा सांगतो ती अगदी घरगुती तपशिलांनी. मरीयेने बाळाला ‘बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले’, कारण उतारशाळेत जागा नव्हती (२:७). गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालायची जागा. बेथलेहेम या नावाचा हिब्रू अर्थ ‘भाकरीचे घर’. पुढे ‘मी जीवनाची भाकर आहे’ म्हणणारा येशू इथे चाऱ्याच्या जागी निजला, हे भाविकांच्या नजरेतून सुटलेले नाही. पूर्वेकडील चर्चच्या चित्रांत तर बाळंते प्रेतवस्त्रासारखे आणि गव्हाण शवपेटीसारखी काढतात. पाळण्यातच क्रूस दिसावा, असा त्याचा भाव. गोठ्यातले बैल आणि गाढव मात्र लूकने सांगितलेले नाहीत. ते बायबलच्या जुन्या करारातील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून (१:३) आले. १२२३ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेचो गावी खरी जनावरे आणून गव्हाणीचा देखावा उभा केला. आज घराघरांत मांडला जाणारा गोठा याच परंपरेतला.

बायबलमध्ये जन्मतारीख नाही. २५ डिसेंबरचा सण रोममध्ये ३३६ पर्यंत रुजला होता. ही तारीख सूर्योत्सवावरून आली की २५ मार्चच्या गर्भधारणेपासून नऊ महिने मोजून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

कॅथलिक उपासनेत श्रद्धांगीकार, म्हणजे श्रद्धेचा जाहीरनामा, म्हणताना ‘मनुष्य झाला’ या शब्दांशी एरवी मान लवते. नाताळच्या मिस्सात, म्हणजे मुख्य उपासनाविधीत, सारे गुडघे टेकतात. क्षणभर थांबून मग पुढचे शब्द येतात. सणाआधी चार रविवारांचा जांभळ्या वस्त्रांचा आगमनकाळ पाळतात, नाताळला वस्त्रे पांढरी होतात. दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, पहिला रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण देणारा) स्तेफन याचे स्मरण असते आणि २८ ला हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचे.