पिकअप घ्यायला येताय? आधी हे वाचा
इलेक्ट्रिक गिटारच्या जुन्या घाटाच्या सिंगल-कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपविषयी ग्राहकांसाठी माहिती

'किती के चा आहे?' फोनवर असो की काउंटरवर, पिकअपबद्दल पहिला प्रश्न हाच येतो. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसणारी, त्यांची थरथर विजेत बदलणारी चुंबकं आणि त्यांभोवतीची तांब्याची गुंडाळी. के म्हणजे किलोओहम, गुंडाळलेल्या तारेचा रोध. आकडा आम्ही सांगतो, पण त्यावरून निवड करू नका अशी पुस्तीही जोडतो.

तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. डिसेंबरच्या सकाळी २० अंशांना ६ के दाखवणारा पिकअप मे महिन्यात, पत्र्याखालच्या ४० अंशांत, साडेसहाच्या जवळ जातो. पिकअप तोच, आवाजही तोच. शिवाय तार बारीक असेल तर तेवढ्याच फेऱ्यांना रोध जास्त भरतो. फेंडरच्या टेलिकास्टर गिटारचा जुना नेक (मानेकडचा) पिकअप ४३ गेजच्या, जास्त बारीक तारेचा, म्हणून सात-आठ के दाखवतो. त्यांच्याच स्ट्रॅटोकास्टरचा ४२ गेजच्या, थोड्या जाड तारेचा, तो सहाच्या आसपास. मग टेलीचा नेक जास्त दणकट वाजतो का? छे, धातूच्या टोपीखाली तो उलट मऊच वाजतो. आकड्याला अर्थ येतो तो एकाच घडणीचे, एकाच तारेचे दोन पिकअप शेजारी ठेवल्यावर. तिथे मोठा आकडा म्हणजे जास्त फेरे. फेरे वाढले की आवाज वाढतो, मधला पट्टा भरतो आणि वरची चमक उतरते.

तानपुरा वाजवणारा जवारी काढून घेताना खुली हवी की बंद हे आधी सांगतो. पिकअपचंही तसंच आहे. कसं वाजायला हवं ते सांगा, फेरे आम्ही बघतो.

आत काय असतं

स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमधून, लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून बाजारात आली. तिचा पिकअप बघितला तर हसू येईल इतका साधा. फायबरच्या दोन पट्ट्या, त्यांत ठोकून बसवलेल्या सहा चुंबकी कांड्या आणि त्यांच्याभोवती आठ हजारांच्या आसपास वेढे. तांबं जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीचं, केसासारखं. पन्नासच्या दशकात तारेवर फॉर्मवारचा सोनेरी लेप असायचा, १९६४च्या सुमारास साधं इनॅमल आलं, ते गडद तपकिरी. कारखान्यात तार हाताने सोडली जायची, त्यामुळे थर सारखे बसत नसत आणि वेढ्यांमध्ये थोडी हवा राहायची. त्याने गुंडाळीची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) कमी होते आणि वरचे सूर मोकळे राहतात. आमच्याकडेही मशीन फक्त बॉबिन फिरवतं, तार बोटांतूनच जाते. 'आमचा मोटर रिवाइंडिंगवाला करून देईल का?' असं बरेचजण विचारतात. त्यांच्या हाताला जाड तारेची सवय असते, ही तार नुसत्या ओढीने तुटते.

कांड्या अल्निको या चुंबकी मिश्रधातूच्या. अल्निको ५ जोरकस, सूर चटकन उठतो. अल्निको ३ चुंबक म्हणून कमजोर, १९५४च्या काही पिकअपमध्ये तेच होतं. त्याचा आघात मऊ आणि तारांवर ओढ कमी. (नावात 'को' कोबाल्टचा असला तरी ३ नंबरात कोबाल्ट नसतोच.) नेकला ३ आणि ब्रिजला (तारा अडकवतात त्या टोकाला) ५ ही जोडी आम्हाला स्वतःला फार आवडते.

जुन्या पिकअपमध्ये या कांड्या एका उंचीच्या नसतात. तिसऱ्या, म्हणजे 'जी' (G) तारेखालची कांडी चांगलीच वर आलेली दिसते. त्या काळी जी तारेवर वेष्टन असायचं, ती दबकी वाजायची, म्हणून चुंबक जवळ आणलं होतं. आज जवळपास सगळे साधी, बिनवेष्टनाची जी लावतात आणि मग तीच एक तार बाकीच्यांच्या अंगावर धावून येते. फोटोतल्यासारखा हुबेहूब पिकअप हवा असेल तर उंच जी देतो. वाजवायला हवा असेल तर सपाट घ्या.

एक विनंती. उंच कांडी हातोडीने खाली बसवू नका. तार थेट चुंबकावरच गुंडाळलेली असते. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा असाच पिकअप घेऊन आला, 'फक्त दोनदा हळूच ठोकलं' म्हणाला. मीटर लावला तर काटा हलेना. भिंगाखाली बघितलं तर सगळ्यात आतला वेढा कांडीबरोबर खाली ओढला जाऊन तुटला होता. आठ हजार वेढे उलगडून पुन्हा भरले.

कुणाला कोणता

घरी किंवा छोट्या ठिकाणी, कमी डिस्टॉर्शनवर वाजवणाऱ्यांनी कमी फेऱ्यांचा, साडेपाच ते सहा के चा संच घ्यावा. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांना आम्ही तो देत नाही. कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकी एकदम सुरू झाली की इतका पातळ आवाज कुठल्या कुठे जातो. त्यांच्यासाठी ब्रिजला थोडे फेरे जास्त.

हम, म्हणजे ती गुणगुण. सिंगल-कॉइल आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरची ५० हर्ट्झची गुणगुण उचलणारच. गिटारच्या पोटात तांब्याची पट्टी चिकटवली की दिव्यांच्या डिमरची चरचर बरीच कमी होते, पण ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रावर पट्टीचा इलाज चालत नाही. त्यावर उपाय मधल्या पिकअपचा. त्याचे वेढे आणि चुंबक दोन्ही उलटे ठेवले की पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी, म्हणजे मधला आणि शेजारचा एकत्र वाजताना, गुणगुण एकमेकींत विरते, सूर मात्र जुळून येतो. मूळ स्ट्रॅटला तीनच जागांचा स्विच होता, पाच जागांचा १९७७ साली आला आणि जुन्यात तिन्ही पिकअप एकाच दिशेचे. तसेच हवे असतील तर करून देतो, पण मांडवात वाजवणार असाल तर हट्ट धरू नका. वाजवताना तारांवरून हात उचलला की गुणगुण वाढते आणि ठेवला की कमी होते, हे नेहमीचंच. पण घरातल्या सॉकेटला अर्थिंगच नसेल तर पिकअप बदलून काही उपयोग नाही, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पैसे देण्याआधी एक स्क्रू ड्रायव्हर घ्या

शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) तार दाबून धरा आणि कांडीच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाड ई (E) तारेला २.४ मिलिमीटर, बारीक ईला २ मिलिमीटर ही सुरुवात. पिकअप याहून वर असेल तर चुंबक तारेला ओढतं आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे जाड तारांवर सूर हेलकावतो, ट्यूनरचा काटाही ठरत नाही. लोक फ्रेट घासून घेतात, गिटार विकायला काढतात. स्क्रू दोन फेरे सैल केले की बरं वाटतं. एवढ्यानेच तुमचं काम झालं तर आमच्याकडे नुसते चहाला या.

मग व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा बदलता रोध) बघा. सिंगल-कॉइलला २५० के हवा, ५०० के लावलेला असेल तर आवाज टोचतो. केबलही मोजा. दर मीटर लांबीला कपॅसिटन्स साधारण १०० पिकोफॅरड धरली तर सहा मीटरची केबल ६०० खाते आणि चमक तिथेच जाते.

स्वस्त गिटारमध्ये बहुधा कांड्या लोखंडाच्या आणि खाली चिकटवलेलं काळं सिरॅमिक चुंबक असतं. पिकअप उलटा केला की दिसतं. अशा गिटारला अल्निकोचा संच घातला की फरक लगेच कळतो. फक्त पहिल्या ते सहाव्या कांडीचं अंतर मोजून कळवा. जुन्या घाटाच्या पिकअपला ते सुमारे ५२ मिलिमीटर असतं आणि अरुंद ब्रिजच्या गिटारवर बाहेरच्या दोन तारा कांड्यांवरून सरकून पडतात.

येताना गिटार घेऊन या, जमलं नाही तर पिकगार्ड (पिकअप बसवलेली वरची पाटी) उघडून आतल्या वायरिंगचा फोटो पाठवा आणि कुठल्या गेजच्या तारा लावता ते लिहा. बसवताना सोल्डरचा डाग आम्हीच देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. काढलेले जुने पिकअप पिशवीत घालून, कोणता कुठला ते चिठ्ठीवर लिहून परत मिळतील. ते फेकू नका, गिटार विकताना घेणारा आधी तेच मागतो.