डिझेलची ताकद: आधी हवा, मग तेल

जुन्या टर्बो डिझेलची ताकद वाढवायची म्हटली की बहुतेकांचा हात आधी डिझेल पंपाच्या स्क्रूकडे जातो. अर्धा फेरा दिला की सायलेन्सरमधून काळा ढग निघतो, आणि गाडी खरोखर पळायलाही लागते. पण तो ढग म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. हवा तेवढीच ठेवून तेल वाढवलं की एक्झॉस्ट तापत जातो आणि शेवटी पिस्टनचा माथा वितळतो.

हे गणित स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांना फार लवकर उमगलं होतं. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या ऊर्जेवर टर्बाइन फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबण्याचं, म्हणजेच टर्बोचं, पेटंट त्यांनी १९०५ मध्ये मागितलं. कल्पना पक्की होती, पण ती उष्णता सोसणारा धातू तेव्हा कुठे होता? यश आलं ते वीस वर्षांनी, १९२५ च्या सुमारास, दोन जर्मन प्रवासी जहाजांवर. दहा सिलिंडरचं १७५० अश्वशक्तीचं इंजिन टर्बोमुळे २५०० वर गेलं.

अमेरिकेतल्या १९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतीचा किस्सा मला सगळ्यात आवडतो. कमिन्स या अमेरिकन इंजिन कंपनीची टर्बो डिझेल गाडी पात्रता फेरीतल्या वेगामुळे शर्यतीत पहिल्या जागेवरून सुटली. ७१ फेऱ्यांनंतर मात्र ती बाहेर पडली. हवा ओढणारं तोंड गाडीत खाली होतं, त्यात टायरच्या रबराचा चुरा जाऊन बसला आणि टर्बोचा श्वास कोंडला. इंजिन ठणठणीत होतं, फसवलं ते हवेच्या वाटेनं. आजही ताकद कमी पडली की एअर फिल्टर आणि होजच्या क्लॅम्पपासून सुरुवात करावी ती यासाठीच.

मर्सिडीजने १९७८ मध्ये ३००एसडी ही गाडी आणली तेव्हा पाच सिलिंडरच्या साध्या इंजिनावर टर्बो नुसता बसवला नाही. वाढलेली उष्णता आणि ताण सोसावा म्हणून पिस्टनवर खालून ऑइलचे फवारे सोडले, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये सोडियम भरलं, क्रँकशाफ्टचा पृष्ठभाग कडक केला. याच घराण्यातल्या तीन लिटरच्या प्रायोगिक इंजिनातून कंपनीने त्याआधीच, १९७६ मध्ये, इंटरकूलर (टर्बोतून दाबून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) लावून १९० अश्वशक्ती काढली होती.

इंटरकूलरचं महत्त्व डॉज पिकअपमधल्या ५.९ लिटर कमिन्समध्ये दिसतं. १९८९ मध्ये ते १६० अश्वशक्तीवर आलं, १९९१ मध्ये इंटरकूलर जोडला, तरी कागदावरचा आकडा १६० च राहिला. थंड हवा घट्ट असते, त्यामुळे तितक्याच तेलावर एक्झॉस्ट कमी तापतो. पुढे पंप वाढवणाऱ्यांना हीच मोकळीक कामी आली.

म्हणून जाणते मेकॅनिक पंपाला हात लावण्याआधी टर्बोच्या अलीकडे एक्झॉस्टमध्ये तापमापक बसवतात. चढावर पूर्ण लोड देऊन काटा ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास रेंगाळू लागला की स्क्रू तिथेच सोडायचा. धूर अजून दिसत नसला तरीही.