न्यू ऑर्लिन्सचं 'भुतांचं' कबरस्तान: व्हॅनमध्ये बसण्यापूर्वी वाचा

ह्यूस्टनहून आमच्या व्हॅनने येणाऱ्यांचा, विशेषतः भारतातून आलेल्या आई-बाबांचा, ठरलेला प्रश्न: "रात्री नेणार ना?" नाही. हे कबरस्तान, म्हणजे सेंट लुईस सिमेटरी नंबर १, रात्री बंद असतं. १ मार्च २०१५ पासून तर दिवसाही अधिकृत गाइडशिवाय आत सोडत नाहीत. रात्रीच्या 'घोस्ट टूर'वाले भिंतीबाहेर उभं राहूनच गोष्टी रंगवतात.

तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं, आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी "आलोच कॉफी घेऊन" म्हणून सटकतं. मागे एक काका बेन्ये (पिठीसाखर पेरलेले तळलेले गोड वडे) खात रमले. शर्टभर पिठीसाखर घेऊन पोचले तोवर गट आत गेलेला. काका बेसिन स्ट्रीटवर उन्हात, काकू आत, आणि दोघांचाही फोन काकूंच्या पर्समध्ये! त्यांना शोधण्यात सगळ्यांची दुपार गेली. म्हणून आम्ही अर्धा तास आधी फाटकाशी उभं करतो. कृपया त्यावरून कुरकुर नको.

आत सगळ्यांना बघायची असते वूडू या आफ्रिकी मुळाच्या पंथाची राणी मारी लाव्हो (मृत्यू १८८१) हिची मानली जाणारी कबर. कबरीवर तीन फुल्या मारून नवस बोलायचा, पावली की फुल्यांभोवती गोल काढून तो फेडायचा, अशी समजूत. डोक्याला फडकं बांधलेली मारी कबरींमधून फिरते आणि आगाऊ माणसाला चापट मारते म्हणे. चापट बसो न बसो, पेन खिशातच ठेवा. डिसेंबर २०१३ मध्ये कुणी तरी अख्खी कबर गुलाबी रंगवली होती. विटा-चुन्याच्या बांधकामावर तसला रंग चढला की ओल आतच कोंडते आणि गिलावा सुटतो.

"प्रेतं पुरात तरंगायची म्हणून कबरी जमिनीवर" हे अर्धंच खरं. इथे खणलं की पाणी वरच लागतं, पण जमिनीवर कबर बांधायची फ्रेंच-स्पॅनिश रीतही होतीच. उन्हाने कबर आतून तापते आणि प्रेताची लवकर हाडंच उरतात. एक वर्ष नि एक दिवस झाला की हाडं मागे सारून तिथेच घरातल्या पुढच्या माणसाला जागा. भिंतीतले कप्पे पावाच्या भट्टीसारखे दिसतात, म्हणून त्यांना 'ओव्हन'च म्हणतात.

आमचा दर थोडा जास्त वाटेल, पण त्यात कबरस्तानाचं तिकीट आणि वाटेतल्या मराठी गोष्टी आल्या. शिवाय होमर प्लेसीच्या कबरीपाशी थांबायला आम्ही गाइडला आवर्जून सांगतो. वंशभेदाच्या कायद्याला विरोध म्हणून १८९२ मध्ये रेल्वेच्या गोऱ्यांसाठी राखीव डब्यातून उठायला नकार देणारा हा माणूस. तिथे भूत नाही, म्हणून गर्दीही नसते.

आत सावली जवळजवळ नाही. टोपी तुमची, पाणी आमचं.