काळं ऑइल म्हणजे खराब ऑइल?

"डिपस्टिकवर (इंजिन ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) ऑइल काळं दिसलं की लगेच बदला" हा सल्ला ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, पण डिझेल इंजिनाला लागू पडत नाही.

डिझेल जळताना काजळी होते. ती इंजिनात साचू न देता स्वतःत तरंगत ठेवणं हे ऑइलचं कामच. म्हणून नवं ऑइलही लवकरच काळं पडतं.

रंगापेक्षा हे बघा. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून 10 मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी किंवा कूलंट शिरतंय. पातळी आपोआप वाढली नि डिझेलचा वास आला, तर डिझेल मिसळतंय. चिमटीत चोळून कचकच लागली, तर बहुधा धूळ शिरतेय, आधी एअर फिल्टर उघडा. यातलं काहीही आढळलं तर ठरलेल्या किलोमीटरची वाट बघू नका.

एरवी मॅन्युअलमधलं अंतर पाळा. टिपर, मिक्सर उभ्याउभ्याच बराच वेळ चालतात, तिथे इंजिनाचे तास मोजा.

आणि डब्यावर नुसतं 15डब्ल्यू-40 वाचून थांबू नका, ती फक्त जाडी. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-6 गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, बहुधा सीके-4 दर्जाचं. जुन्या सीआय-4 दर्जाच्या ऑइलची राख या फिल्टरमध्ये साचते, आणि ती रीजनरेशननं (फिल्टर तापवून काजळी जाळण्यानं) जळत नाही.